फुटक्या कपबशांची भिंत

दंगलीच्या दिवशी बेकरीवाल्याचा डावा डोळा गेला. दगड कुणी मारला ते साऱ्या गल्लीने पाहिलं होतं: शिवणवाल्या मावशीच्या थोरल्याने. तो तुरुंगात गेला, आणि मावशीकडे साधं बटण लावून घ्यायलाही कुणी येईना. एरवीही गल्लीत कोण कुणाकडे जात होतं? दिवेलागणीलाच दोन्ही बाजूंची दारं बंद व्हायची.

अशात शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी खूळ काढलं. दंगलीत जळून काळ्या पडलेल्या गल्लीतल्या लांबलचक भिंतीवर सगळ्यांनी मिळून फुटक्या कपबशांच्या तुकड्यांचं चित्र बसवायचं. नदी आणि काठावरची घरं. सुरुवातीला चारच टाळकी जमली, तीही एकमेकांकडे पाठ करून. पुढे “जरा ती निळी बशी दे गं” इतपत बोलणं सुरू झालं.

मावशी सर्वांत शेवटी आली. पिशवीत तिच्या लग्नातल्या कपांचे तुकडे होते. तिने कडेची हातभर जागा मागितली. कुणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती रोज येऊन खाली मान घालून काम करत राहिली.

एका सकाळी तेवढीच जागा कुणीतरी खरवडून काढलेली दिसली.

“कुणाचं काम हे?” बाईंनी विचारलं. मावशीने तुकडे पिशवीत भरले आणि ती निघाली.

“थांबा मावशी.” बेकरीवाला इतके दिवस दुकानाच्या दारातून नुसता बघत होता. तो आला, उकिडवा बसला आणि सिमेंट लावून तिच्या पिशवीतला एकेक तुकडा चिकटवू लागला.

त्याची बायको धावत आली. “अहो, वेड लागलंय का? हिच्या पोरानं तुमचा डोळा...”

“डोळा माझा गेलाय. तुझे दोन्ही शाबूत आहेत.”

ती रडत घरात निघून गेली. मावशी भिंतीकडे वळली.

“भाऊ, वाकडं बसतंय ते.”

“एका डोळ्याला अंतर कळत नाही. भट्टीतही हात पोळतो रोज.”

मावशी त्याच्या शेजारी बसली. “कुठल्या तोंडानं माफी मागू?”

“मागू नका. मला देता येणार नाही. तो पांढरा तुकडा द्या.”

तिने दिला. तो चिकटवायचा, ती बोटाने सरळ करायची. थोड्या वेळाने समोरच्या घरातली सून पाण्याची बादली घेऊन आली आणि शेजारी बसली.

भिंत पुरी झाली. खरवडणारा कोण, ते कळलं नाही. काही दारं आता रात्री उघडी दिसतात, काही नाही. तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी मावशी पोरासाठी पाव घ्यायला बेकरीत जाते. बेकरीवाला मुकाट्याने बांधून देतो. परवा मात्र त्याने विचारलं, “जेवतो का तो नीट?”

मावशीने मान डोलावली. आत बायकोने भट्टीचं दार धाडकन लावलं.