सातवा वाघ कुणाचा

"आई, तुम्ही आत जा बरं," सून म्हणाली. मी कसली जातेय! माझ्याच गोळ्यांवरून भांडण पेटलेलं, आणि मी आत बसून भिंतीला कान लावू?

समोर तिच्या कंपनीचे साहेब. सुट्टीच्या दिवशी घरी आलेले. कंपनी मोबाइलची अ‍ॅपं बनवते. सून तिथे दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते आणि संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जाते. अ‍ॅप कुणाचं, कल्पना कुणाची, नक्कल कशाला म्हणायचं, असला कायदा. दुसऱ्याच दिवशी तिचा पेपर होता.

मी गोळ्या विसरते म्हणून तिने माझ्या फोनात एक करामत करून दिली होती. वेळ झाली की फोन माझ्याच आवाजात माझीच एखादी थाप सुरू करायचा. सात वाघांची, नाहीतर उडत्या म्हशीची. आणि ऐन रंगात गप्प! गोळी घेऊन बटण दाबलं की मगच पुढे. साहेबांना ती करामत कंपनीसाठी हवी होती.

"करार वाचा. नोकरीत असताना बनवलंत, म्हणजे आमचं."

"नोकरीच्या काळात नाही सर, नोकरीच्या कामात, असं लिहिलंय. माझं काम तक्रारी ऐकायचं. हे मी घरी बनवलं."

एका अक्षराने साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

"बरं. मग कंपनीचा लॅपटॉप वापरला नाहीत ना? त्यावर बनवलेलंही कंपनीचंच. तेही करारात आहे."

सून करार पुन्हा चाळायला लागली. घरचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा शेवटचा भाग तिने ऑफिसच्या लॅपटॉपवर केला होता. मी शेजारीच होते, सातव्या वाघाची डरकाळी काढत.

साहेब माझ्याकडे वळले. "आजी, तुम्हीच सांगा."

जन्मभर थापा मारल्या, एकही कुणाच्या उपयोगी पडली नव्हती. आज पडणार होती. "लॅपटॉप? आमच्या घरात? अहो, तो तर..."

"आई." तिने माझा हात धरला. "खरं सांगा. उद्या पेपरात मी हाच नियम लिहिणार आहे."

थाप घशातच अडकली. "वापरला," मी म्हणाले. "शेवटी शेवटी."

साहेब खुशीत उठले. "मग परवा सगळं जमा करा."

"प्रोग्रॅम तुमचा, सर. गोष्टी आईंच्या, आवाजही त्यांचा. त्या काही तुमच्या नोकरीत नाहीत."

"आजी, गोष्टी आम्हाला दिल्याची एक सही द्याल ना?"

"देईन की! आधी सातवा वाघ धरून आणा."

दार आपटलं. सून माझा फोन घेऊन बसली आणि माझ्यादेखत तिने त्यातली करामत पुसून टाकली. "आता हे त्यांचं," एवढंच बोलली.

सकाळी पेपरला निघताना तिने गोळी माझ्या तळहातावर ठेवली. पायात चप्पल अर्धीच.

"एकदा ना... जंगलात पाच वाघ..."

"सात."

"सात वाघ होते," ती म्हणाली. आणि माझ्या तोंडाकडे बघत गप्प उभी राहिली.

मी गोळी गिळली.