पाठीवर पांढरा ठिपका

व्हर्लनने पँट मोज्यांत खोचली, त्यावरून पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन वेढे घेतले आणि चौथा उलटा घेतला, चिकट बाजू बाहेर. वर चढू पाहणारी गोचीड तिथेच अडकली पाहिजे. मग मनगटं. मग तोंडावरची जाळी कॉलरमध्ये कोंबून तिच्यावरही पट्टी. कपड्यांवर औषध तर शनिवारीच फवारून झालं होतं.

"दाजी, टर्की मारायला चाललोय ना आपण? का चंद्रावर?"

ट्रकच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसलेला मेहुणा, डॉइल. बाह्या दुमडलेल्या, बुटांत मोजे नाहीत.

"तुला काय होतंय बोलायला."

"मला काहीच होत नाही. तेच तर." त्याने पट्टीकडे बघून मान हलवली. "आणि पांढरी कशाला? टर्कीचं डोकं पांढरं असतं. पलीकडच्या झाडामागचा कुणीतरी तुमच्या घोट्यात छर्रे घालेल."

हे मात्र खरं होतं. पट्टी पांढरी घेतली होती ती तिच्यावर गोचीड दिसावी म्हणून. व्हर्लन चरफडत वाकला आणि उलट्या पट्टीवर वाळका पाला चिकटवत बसला. घोट्यांच्या आतल्या बाजूला हात पोचेना. तेवढं राहिलं.

मिझुरीच्या या टेकड्यांत डॉइल चाळीस वर्षं गवतात लोळत होता. गोचिडी त्याला चावायच्या आणि निघून जायच्या. व्हर्लनला एकच चावली, पाठीवर पांढरा ठिपका असलेली, आणि त्या चाव्याने जनावरांच्या मांसाची ॲलर्जी जडून गाय, डुक्कर, हरीण सगळं त्याच्या ताटातून उठलं. एक बर्गर खाल्ला तर चार तासांनी अंगभर गांधी आणि घसा बंद. आणखी एखादी चावली तर दूध-लोणंही जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. व्हर्लनचा जीव बायकोच्या लोण्यातल्या बिस्किटांत अडकलेला. ती वाचवायची होती. आणि मांस म्हणून काही खायचं, तर उरले पक्षी.

ओकच्या बुंध्याला पाठ टेकून तो मांडीवर बंदूक घेऊन बसला. मागे डॉइलने लाकडी डबीचं झाकण घासून मादीचा आवाज काढला. खालच्या घळीतून नर ओरडला. पुन्हा डबी, पुन्हा उत्तर, या वेळी जवळून. मग शेपटीचा पंखा पसरून तो झुडपांतून बाहेर आला. साठ पावलं.

"हलू नका," डॉइल कुजबुजला.

तेवढ्यात व्हर्लनच्या मानेवर काहीतरी सरकलं. जाळीच्या आत.

पन्नास पावलं. ते खाली सरकलं. जिला बाहेर ठेवायला तासभर खपलो ती आत आहे, आणि दारं आपणच बंद केलीत, हे त्याच्या लक्षात आलं. पंचेचाळीस. चाळीसला गोळी घालता आली असती. ते खांद्यांच्या मधोमध येऊन थांबलं, जेवायला बसल्यासारखं.

व्हर्लन उठला. म्हणजे उठायला गेला. दोन्ही घोट्यांच्या पट्ट्या एव्हाना एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. तो बंदुकीसकट तोंडावर आपटला. टर्की घळीत पसार झाली.

डॉइल हसू आवरून मागून पुढे आला तेव्हा दाजी चड्डीवर उभे होते आणि स्वतःची पाठ बघायला गोल गोल फिरत होते.

"थांबा हो जरा." डॉइलने पाठीवरून काहीतरी उचललं, उजेडात धरलं, मग तोंडात टाकलं. "बिस्किटाचा चुरा. ताईनं लोणी सढळ घातलंय."

घरी आल्यावर दाराशी बायकोने, ग्लेंडाने, नेहमीसारखे त्याचे कपडे कवेत घेतले आणि त्यांत गोचीड असलीच तर तापून मरावी म्हणून सुकवणीच्या मशिनमध्ये नेऊन टाकले. मग चष्मा लावून, टॉर्च घेऊन न्हाणीघरात आली.

"हात वर. वळा."

"टर्की अशी समोर होती. अशी."

"सांगितलं डॉइलनं फोनवर. पाय."

"माझ्याच वाट्याला का हे? तो उघडा हिंडतो, त्याला काही नाही. मी एवढं सगळं करतो तर..."

"काही नाही तुम्हालाही. घाला कपडे." हसू दाबत तिने कानामागे खाजवलं. "चला, माझ्यापुरते दोन पोर्क चॉप टाकलेत तव्यावर. करपतील."

व्हर्लन एक बाही घालून थांबला. तिने पुन्हा खाजवलं.

"काय होतंय तिथे?"

"काही नाही हो. तीन-चार दिवस झाले खाजतंय."

"तुला कोण बघतं?"

"मला कशाला? मी कुठे जंगलात जाते?"

व्हर्लनने उघड्या दारातून मशिनकडे पाहिलं. त्याच्या पँटचा एक पाय झाकणाबाहेर लोंबत होता.

"बस इथे."

ती टबाच्या कडेवर बसली. त्याने तिच्या हातून टॉर्च घेतला आणि केस बाजूला केले. किती पांढरे झाले होते. कानाच्या पाळीमागे गोचीड होती, तट्ट फुगलेली. तोंड कातडीत रुतवलेलं. पाठीवर पांढरा ठिपका.

स्वयंपाकघरातून चरबीचा खमंग वास येत होता.

"नाही ना काही?" ग्लेंडाने विचारलं.

व्हर्लनने फळीवरचा चिमटा घेतला. त्याने मनगट तिच्या खांद्यावर टेकवलं.

"हलू नकोस," तो म्हणाला.

ती अजिबात हलली नाही.