रिम्माला 'तू' म्हणायचं

रिम्मा अर्कादियेव्नापायी मी रोज दाढी करायला लागलो, पण तिला त्याचं काय. ती विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये वाढते, मी तिथल्याच हॉस्टेलचा प्लंबर. अर्ध्या तांबोव शहराचे नळ माझं ऐकतात. ही बाई मात्र ताटात एक कटलेट टाकते आणि म्हणते, "सरका पुढे, गेन्नादी पेत्रोविच." दोन हिवाळे एवढाच संसार.

आणि हा रिवो. मादागास्करहून शिकायला आलेलं पोरगं. रशियन अजून कच्ची, चमचा मागायचा तर बूट मागतो. पण याला तीन कटलेटं. वर, "खा रे बाळा, थंडीनं वाळलायस." मी काय उन्हाळ्यात राहतो?

एकदा त्यानंच विचारलं, "काका, रिम्माबाईंचे आभार कसे मानू?"

माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, "जीव लावणाऱ्या बाईला आमच्यात 'तू' म्हणतात. 'तुम्ही' म्हणजे राग. सगळ्यांसमोर म्हण, खणखणीत."

रिम्माला न विचारता 'तू' म्हणणं म्हणजे मांजर शेपटीनं उचलणं. मागे एक प्राध्यापक म्हणाले होते. आठवडाभर सूपमध्ये कोबी शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत रिवोच्या पाठीलाच चिकटलो. मजा जवळून बघायची होती.

"रिम्मा," तो म्हणाला, "तू फार चांगली आहेस. मला तू आवडतेस."

रिम्माचा वाढायचा डाव हवेतच थांबला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"गेन्नादी काकांनी."

मी छताजवळचा पाइप तपासायला लागलो.

रिम्माचे कान लाल झाले. रिवोला तिनं चौथं कटलेट वाढलं आणि माझ्याकडे वळली. "दोन हिवाळे नुसतं तुम्ही-तुम्ही. आणि मनातलं सांगायला हे लेकरू पुढे केलंत? तुम्हाला तोंड नाही?"

अख्ख्या हॉस्टेलला टोप्या घालणारा मी. तोंडातून पुन्हा तेच निघालं, "रिम्मा अर्कादियेव्ना, तुम्ही..."

"काका," रिवो काळजीनं कुजबुजला, "रागावलात? 'तू' म्हणा ना."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हण की बाबा, बटाटे गार होतायत."

"तू," मी म्हटलं. "रिम्मा, तू."

"हं. मग रविवारी ये माझ्या गावाबाहेरच्या घरी. पंप पाणी ओढत नाही." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाना आण. आणि हा शर्ट नको, तो निळा घाल."

निळा शर्ट. म्हणजे बघत होती तर.

मी हवेतच होतो, तेवढ्यात ती रिवोला म्हणाली, "तूही ये रे बाळा, मासा भरलेला पाव भाजते."

माझ्या ताटात दोन कटलेटं पडली. जन्मात पहिल्यांदा. मी हळूच रिवोच्या ताटात बघितलं.

चार.