कानबाईसमोर वळलेली मान

जळगावजवळच्या असोद्याच्या त्या गल्लीत मंदाबाईच्या डब्यावर लोकांचा जेवढा विश्वास होता, तेवढा डॉक्टरवरही नव्हता. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, आणि आत नुसत्या गोळ्या. तापाच्या, अंगदुखीच्या, पोट फुगल्याच्या, उलटीच्या. काही नवऱ्याच्या आजारपणात उरलेल्या, काही कोणी कोणी आणून दिलेल्या. कोणाचं काही दुखलं की बाई डबा उघडायची, पाकीट उजेडात धरायची आणि गोळीच्या रंगावरून ठरवायची. देवाची कृपा म्हणा, आजवर निभावलं होतं. निभावलं म्हणून बाईला वाटायचं, आपल्याला यातलं कळतं. घ्या आता.

त्या श्रावणात तर तिचे पाय जमिनीवर नव्हते. कानबाई ही खानदेशची श्रावणातली देवी; भाऊबंदकीची, म्हणजे एका कुळातल्या सगळ्या घरांची मिळून एकच, ती दरवर्षी थोरल्या जावेकडे, सुनंदाबाईकडे बसायची. देवी अंगात यायची तीही सुनंदाबाईच्याच. मग लहानथोर सगळे तिच्या पायावर, आणि पुढे वर्षभर सुनंदाबाई नाकाने कांदे सोलायला मोकळी. यंदा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि चौरंग मंदाबाईच्या ओसरीवर आला. मंदाबाईनं केळीचे खांब उभे केले, नारळाला नाक-डोळे लावून, नथ घालून देवी नटवली, आणि मनातल्या मनात एकच मागणं मागितलं. माय, एवढी घरी आलीस, तर एकदा माझ्या घरातल्या कोणाच्या तरी अंगात ये. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं कुठे!

दुपारी धुळ्याहून मुलगा कुंदन आणि सून भूमिका एसटीनं आले. भूमिकाला बस लागते. पारोळ्याला एकदा, एरंडोलला एकदा, असं करत पोरगी उतरली ती लिंबासारखी पिवळी होऊन. सुनंदाबाईनं दारातच ऐकवलं, की आजकालच्या पोरींना एक बस झेपत नाही, त्या कानबाईचे रोट काय करणार. भूमिका बिचारी हसली आणि पदर खोचून रोटांची, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांची, कणीक मळायला बसली.

मंदाबाईनं लगेच डबा काढला. उलटीची गोळी दिली. थोड्या वेळानं विचारलं, अजून मळमळतं का, तर पोरगी म्हणाली, थोडंसं. मग आणखी एक दिली. सासूचं मन मोडवेना म्हणून तिनं तीही घेतली. धुळ्याच्या मेडिकलमधून आणलेल्या उलटीच्या गोळ्या ती वाटेतही घेत आली होती, पण ते बोलायचा तिला संकोच वाटला. म्हणजे सासू डब्यातून देतेय, सून पर्समधून घेतेय, आणि दोघी एकमेकींना काही सांगत नाहीत. घरोघरी हेच चालतं, बोलणार कोणाला.

दिवेलागणीला ओसरी भरली. पुरणाचा, खिरीचा, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा नैवेद्य मांडला, रोटांची चवड लावली. बायकांनी कानबाईची गाणी धरली. आरती फिरत फिरत भूमिकाच्या हातात आली आणि तिथेच तिचा हात थांबला. शेजारणीनं ताट सावरलं. भूमिकाची मान हळूहळू डावीकडे वळायला लागली. वळली ती वळलीच. डोळे वर चढले, जबडा ताणला, जीभ जडावली, आणि ती मटकन खाली बसली.

कोणीतरी ओरडलं, माय आली. झालं, एकच गलका उडाला. बायकांनी भूमिकाच्या कपाळावर मळवट भरला, ओटीत नारळ टाकला, आणि रांग लागली. कोणाला मुलाची नोकरी हवी, कोणाला केळीला भाव हवा. सुनंदाबाईसुद्धा दुखऱ्या गुडघ्यांवर वाकली, भूमिकाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली आणि डोळे पुसत बाजूला झाली.

आणि मंदाबाई? तिला तर आभाळ ठेंगणं झालं. इतक्या वर्षांचं मागणं, आणि देवीनं सुनेच्या रूपानं दिलं. तिचा ऊर भरून आला. सगळ्यांच्या नंतर ती पुढे झाली आणि तिनं सुनेच्या पायांवर हात ठेवले.

तेव्हा भूमिकानं तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे कसं, विहिरीत पडलेला माणूस दोर धरतो तसं. मंदाबाईनं वर पाहिलं. वर चढलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि जड जिभेतून जेमतेम दोन शब्द बाहेर आले. "आई, मान."

सुनंदाबाईच्या अंगात आलेली देवी मंदाबाईनं आयुष्यभर पाहिली होती. ती घुमायची, हुकूम सोडायची, नैवेद्यात मीठ कमी पडलं तेही सांगायची. ती कधी कोणाला आई म्हणून रडली नव्हती. हे देवीचं येणं नव्हतं, हे लेकरू घाबरलं होतं.

खरं सांगायचं तर एक क्षणभर तिला मोह झाला. सगळी भाऊबंदकी समोर, पहिल्यांदाच आपल्या घराचा असा मान, आणि आपणच म्हणायचं की हे खोटं? पण मनगटावरची पकड सुटत नव्हती. ती उठली आणि कुंदनला म्हणाली, अस्लमची रिक्षा बोलाव, जळगावला न्यायचं. सुनंदाबाई आडवी आली, देवीच्या मध्ये पडू नको, कोप होईल, म्हणाली. मंदाबाईनं सुनेचा मळवट आपल्या पदरानं पुसला.

"अक्का, देवी रागावली तर मी तिच्या पाया पडीन. पण या पोरीले काही झालं, तर मी कोणाच्या पाया पडू?"

निघता निघता तिनं डबा उचलला. का उचलला, तिचं तिलाही कळलं नाही. सवयीचा हात, दुसरं काय. रिक्षात भूमिकाची वळलेली मान मांडीवर धरून ती सारखी एकच बोलत होती, मी आहे ना, मी आहे ना. आतून मात्र जीव टांगणीला लागला होता. ही मान अशीच राहिली तर? पोरीच्या आईला काय तोंड दाखवू?

दवाखान्यात डॉक्टर मिसबाह होत्या, कुंदनच्याच वयाच्या. त्यांनी भूमिकाला तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, हिनं आज कुठली औषधं घेतली. मंदाबाईनं डबा पुढे केला. मग भूमिकानं पर्सकडे खूण केली आणि कुंदननं आतलं पाकीट काढलं. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरली. एक हिरवं, एक चंदेरी, मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी, पण खाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव एकच. हे औषध पोटातलं अन्न पुढे ढकलतं, उलटी थांबवतं, पण जास्त झालं तर काहींच्या मानेचे, डोळ्यांचे, जबड्याचे स्नायू असे आखडतात, तरुण मुलींचे तर जास्तच, असं त्यांनी सांगितलं. कधी कधी नेमक्या मात्रेनंही होतं. यावर इंजेक्शन आहे, घाबरू नका.

इंजेक्शन दिलं. मंदाबाई डोळे मिटून कानबाईला आळवत बसली. डोळे उघडले तर सुनेची मान सैल पडत होती. आधी जबडा सुटला, मग डोळे खाली आले, आणि मान हळूहळू सरळ झाली. भूमिकानं सासूकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि विचारलं, "आई, रोट संपले का?"

मंदाबाईचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टरही हसल्या. बराच वेळ नजरेखाली ठेवून, पुन्हा आखडू नये म्हणून गोळ्या लिहून देऊन त्यांनी सोडलं. परत तसं वाटलं तर लगेच या, हे औषध हिला पुन्हा कधीच द्यायचं नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे सांगायचं, असं बजावलं. बस लागते त्याचं औषध वेगळं असतं, तेही विचारूनच घ्यायचं. मंदाबाईनं डबा त्यांच्या टेबलावर उपडा केला, म्हणाली, यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, तुम्हीच बघा. आणि रिकामा डबा परत घेताना ती चुटपुटली, यातून तुम्हाला रोट पाठवले असते, पण ते भाऊबंदकीबाहेर द्यायचे नसतात. डॉक्टर म्हणाल्या, माहीत आहे, आमच्या शेजारीही कानबाई बसते, आम्हाला खीर येते. मग उद्या याच डब्यातून खीर पाठवायचं ठरलं.

घरी परतले तर कोणी जेवलं नव्हतं. सुनंदाबाई दुखरे गुडघे पसरून दिव्यापाशी बसली होती, वात सरकवत. भूमिकाची सरळ मान पाहून आणि गोळ्यांची गोष्ट ऐकून सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. सुनंदाबाईनं मात्र रोट वाढता वाढता टोमणा मारलाच, की पोरी, एक गोळी झेपत नाही तुला, संसार कसा झेपणार.

भूमिकानं रोटाचा घास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "काकू, मान आखडली होती, कान उघडेच होते. तुम्ही देवीला काय मागितलं, सांगू का सगळ्यांना?"

सुनंदाबाईच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. चेहरा लालबुंद. बायका मागे लागल्या, सांग ना, सांग. पण भूमिकानं रोटाचा दुसरा घास घेतला. शेवटी सुनंदाबाईनंच भांडं खाली ठेवलं, मंदाबाईकडे न बघता, चौरंगावरच्या नारळाकडे बघत बोलली.

"म्हटलं, माय, माझ्या पोराले, योगराजले, मंदीच्या सुनेसारखी बायको दे."

ओसरी हसून हसून लोळली. मंदाबाई हसली नाही. तिनं ते भांडं उचललं आणि आधी जावेच्या, मग सुनेच्या रोटावर ताट भरून वाहीपर्यंत तूप वाढलं.