पाचव्या बटणावरचं माझं नाव

मी ऑर्गन बोलतोय. पायांनी हवा भरायची आणि हातांनी वाजवायचा, तसला जुना ऑर्गन. रोह्याच्या रंगसोबती नाट्य मंडळाचा.

आधीच एक कबूल करतो. माझं मन मोठं नाही. म्हाताऱ्या वाद्याने समंजस असावं, नव्याचं कौतुक करावं, असं लोकांना वाटतं. मी तसा नाही. गेली दोन वर्षं मी जळतोय, आणि ज्याच्यावर जळतोय तो माझ्याच शेजारी, दोन हातांवर, टेबलावर पसरलेला असतो.

माझा जन्म मुंबईचा, गिरगावातल्या एका छोट्या कारखान्यातला. सागवानी पेटी, आत पितळेच्या पातळ जिभा, त्यांना कारागीर 'सूर' म्हणतात, आणि खाली चामड्याचा भाता. १९५६ साली लाँचने धरमतरच्या धक्क्यावर उतरलो. खाऱ्या हवेपासून याला जपा, असं कारागिराने चारदा बजावलं होतं. हमालांनी मला उचललं आणि मिठाच्या गोणींवर नेऊन ठेवलं. तिथून बैलगाडीने पेण, आणि पेणहून रोहा.

मला मागवलं होतं मंडळाचे संस्थापक दामोदरपंतांनी. पण मी झालो दाजींचा. दाजी पोस्टात कारकून, राहायला वरसे गावात. ऑफिस सुटलं की सायकलवरून थेट वाचनालयाच्या माडीवर यायचे, तिथेच मंडळाची खोली. स्टुलावर बसायच्या आधी माझ्या झाकणावरून एकदा हात फिरवायचे. मंडळाने जितकी नाटकं केली, तितक्या सगळ्यांच्या चाली दाजींच्या. एकही कागदावर नाही. त्यांना स्वरलिपी येत नव्हती. चाल त्यांच्या डोक्यात असायची आणि माझ्या पोटात. चाळीस वर्षं आमच्या दोघांत तिसरं कुणी नव्हतं.

१९९६ साली दामोदरपंत मुलाकडे पुण्याला गेले. अध्यक्ष कोण, यावर सभेत सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि शेवटी ते काम अनसूयाबाईंच्या गळ्यात पडलं. ही अनसूया म्हणजे एके काळी कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी राहणारी मुलगी. आता शाळेत गणित शिकवत होती. मंडळाची अवस्था तेव्हा बरी नव्हती. घराघरांत केबल आली होती. पुढच्या दोन रांगा भरायच्या, त्याही नटांच्या नातेवाइकांनी. नवीन पोरं एकदा यायची, दाराशी उभी राहून बघायची आणि परत फिरकायची नाहीत.

त्यांतला एक मात्र परत आला, तो प्रविण. पेणच्या खाडीकडच्या गावातला, घरची मिठागरं. धाटावच्या कंपनीत लागला म्हणून वरसेत खोली घेऊन राहत होता. १९९७च्या दिवाळीनंतर पहिली शिफ्ट संपवून तो माडी चढून आला तेव्हा त्याच्या काखेत आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. त्याने लुगडं सोडलं. काळा, चपटा, पोटच नसलेला कीबोर्ड.

प्रविणने वायर लावली आणि एकेक बटण दाबून दाखवायला लागला. बासरी. व्हायोलिन. सतार. लाटा. मग पाचव्या नंबरचं बटण दाबून म्हणाला, "ह्यो तुमचा ऑर्गन, दाजी."

त्या बटणावर माझं नाव होतं. आणि त्यातून जो आवाज आला तो माझ्या आवाजासारखा होता, फक्त त्याला श्वास नव्हता. मला भाता आहे, मला दम लागतो, चुकून पाय थांबला तर मी अर्ध्यावर गळतो. हा लेकाचा न थकता एकाच उंचीवर उभा. जमलेली माणसं वाहवा म्हणाली. माझ्या आयुष्यात मला इतकी वाहवा एका सुरावर कधी मिळाली नाही. त्या दिवशी माझ्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

दाजी उठून उभे राहिले. हे यंत्र या खोलीत राहणार असेल तर मी येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. जुनी मंडळी त्यांच्या बाजूने, मंडळातली दोन-चार तरुण पोरं प्रविणच्या बाजूने. मी मनात म्हटलं, झालं, उद्यापासून टेबल रिकामं.

अनसूयाबाईंनी निकाल दिला नाही. फेब्रुवारीत पेणला एकांकिका स्पर्धा होती, त्यात मिठागरावरची एकांकिका बसत होती. त्यांनी सांगितलं, तालमीत दोन्ही वाद्यं राहतील. गाणी दाजी वाजवतील, लाटा, वारा, होडीचं इंजिन असलं सगळं प्रविण देईल. स्पर्धा झाल्यावर बसू आणि काय जमलं, काय नाही, ते बोलू. मग त्या टेबलाजवळ गेल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "प्रविण, मला यातलं काही येत नाही. आधी मला शिकव."

वर्गात पोरांना गप्प करणारी बाई. टेबलावर कीबोर्डचं माहितीपुस्तक उघडं ठेवून एका बोटाने बटणं चाचपत बसली. पुढे त्यांनी बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. कॉलेजच्या मुलींबरोबर बेंचवर बसायच्या, आणि तिथे काय चुकलं ते इथे येऊन हसत सांगायच्या. बाकीच्यांना ते आवडत होतं. बाईंना येत नाही तर आपल्याला नाही आलं तरी चालेल, असं वाटून भीड चेपलेली माणसंही टेबलाजवळ जायला लागली. मी बघत होतो. माझ्या झाकणावर धूळ होती. पूर्वी ती बाई पदराने पुसायची.

एक गोष्ट सांगायला नको, पण सांगतो. जानेवारीत हवेत ओल होती आणि माझा एक सूर अडकून वाजत राहिला. प्रविण वाऱ्याचा आवाज देत होता, त्यात माझा तो हुंकार सतत. तालीम थांबवावी लागली. ओलीमुळे झालं, असं सगळे म्हणाले. ओल होतीच. पण तो सूर सोडवायची मी जराही खटपट केली नाही.

मग एकांकिकेच्या जाहिरातीची पत्रकं आली. अनसूयाबाईंनी ती कॉम्प्युटरवर स्वतः केली होती, कडेने वेलबुट्टी, ठसठशीत अक्षरं. लोकांनी हातोहात घेतली. दाजींनी चष्मा लावून एक वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि जिना उतरून गेले. 'संगीत' या शब्दापुढे एकच नाव होतं, प्रविणचं.

चार दिवस दाजी आले नाहीत. खरं सांगू, मला आनंद झाला. वाटलं, आता या बाईला कळेल.

पाचव्या दिवशी दुपारी ते आले, आपली स्टुलावरची उशी न्यायला. खोलीत अनसूयाबाई एकट्याच होत्या. समोर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा, हातात शाईचं पेन. प्रत्येक पत्रकावर प्रविणच्या नावाच्या वर त्या हाताने दाजींचं नाव लिहीत होत्या. तीनशे पत्रकं. अंगठ्याला निळा डाग पडला होता.

दाजी उशी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "अनसूया, नाव राहिलं याचं मला काही नाही. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, त्याचं आहे."

त्या पेन ठेवून उठल्या. "चूक माझी आहे, दाजी. मी वेलबुट्टीच बघत बसले. त्या यंत्राने विचारलं नाही आणि मला आठवलं नाही."

दाजी उशी काखेत मारून वळले. तेव्हा बाईंनी जे विचारलं ते मला कधीच आवडलं नाही, आणि अजूनही त्याच्याशिवाय दुसरं काही आठवत नाही. "तुम्ही आणि हा ऑर्गन नसाल तेव्हा त्या चाली कुठे राहणार?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मग उशी परत स्टुलावर ठेवली. जाताना एवढंच म्हणाले की उद्या त्या पोराला अर्धा तास आधी यायला सांग.

दुसऱ्या दिवसापासून दाजी त्याला शिकवायला लागले. प्रविण कीबोर्डवर, दाजी शेजारी उभे. माझी चाल, माझ्या अंगावर रचलेली, ते त्याच्या पट्ट्यांवर बोटं ठेवून दाखवत होते. चाळीस वर्षं सांभाळलेलं घरातलं माणूस शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावं, तसं मला झालं.

स्पर्धेच्या दिवशी मला टेम्पोतून पेणला नेलं. निडी गावापाशी रस्ता फार वाईट, माझे सांधे खिळखिळे झाले. दुपारी आमची एकांकिका. विंगेत मी एका बाजूला, तो माझ्या पलीकडे. मी एकच मागणं मागत होतो, लाईट जाऊ दे. लाईट गेली की तो मुका. त्या दिवसांत पेणला लाईट रोज जायची.

लाईट गेली नाही. गेले दाजींचे पाय.

शेवटचं गाणं होतं. बांध फुटून मिठागरात भरतीचं पाणी शिरतं आणि म्हातारी मिठाच्या राशीजवळ बसून गाते. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या अर्ध्यात दाजींच्या पोटरीत गोळा आला. पाय पेडलवर थांबला. त्यांनी दात आवळून पुन्हा दाबला, पुन्हा थांबला. माझा भाता रिकामा झाला. भर प्रयोगात, ओळीच्या मध्यावर, मी गळून गप्प झालो. स्टेजवरच्या बाईचा आवाज एकटा पडला, हलला.

आणि पलीकडून पाचव्या बटणाचा सूर आला. प्रविणने ओळ तिथूनच उचलली, दाजींनी शिकवली होती तशीच. पंचमावर दाजी थोडं रेंगाळतात, तिथे तोही रेंगाळला. बाईला आधार मिळाला, गाणं पुरं झालं. समोर बसलेल्यांना काही कळलंही नाही.

मी दाजींकडे बघितलं. ते पोटरी दाबत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. रागावले असते तर मला चाललं असतं. ती सुटका मला सहन झाली नाही.

पडदा पडल्यावर प्रविण येऊन त्यांच्या पायाशी बसला आणि पोटरी चोळायला लागला. म्हणाला, "दाजी, रागवू नका. बाय एकटी पडली, म्हणून ओळ घेतली मी."

"पंचम जरा जास्त धरलास," दाजी म्हणाले. "पण बरोबर होतं."

नंबर आला नाही. परीक्षकांनी संगीताबद्दल दोन शब्द चांगले लिहिले, आणि अनसूयाबाईंनी ठरल्याप्रमाणे सगळ्यांना गोल बसवून काय जमलं, काय नाही ते विचारलं. सगळ्यात आधी स्वतःची पत्रकाची चूक सांगितली. त्यानंतर मग कुणालाच आपली चूक सांगायची लाज वाटली नाही. त्या अडकलेल्या सुराबद्दल मी तेव्हाही काही बोललो नाही.

यंदा मे महिन्यात कॉम्प्युटर क्लासवाल्यांकडून एक मशीन आठवडाभर माडीवर आलं. दाजींच्या चाली त्यात साठवायच्या होत्या. पण दाजींना आता पेडल मारवत नाही. तेव्हा प्रविणने काय करावं? तो माझ्या पायाशी जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी पेडल दाबायला लागला. वर दाजींची बोटं, खाली त्याचे हात. कंपनीच्या कामाने राठ झालेले हात. पहिल्या दिवशी मी मुद्दाम जड झालो. तो घामाने भिजला, पण हिसका दिला नाही. दाजींची ओळ लांबली की त्याचा हात आपोआप हळू व्हायचा, त्यांना दम हवा तिथे तोही दम घ्यायचा. तिसऱ्या दिवशी मी हलका झालो. का, ते मला विचारू नका.

सदतीस चाली झाल्या. मग मशीनने त्या परत ऐकवल्या. मी मला बाहेरून पहिल्यांदाच ऐकलं. घरघर आहे, खालचा गंधार उतरलाय, आणि माझे सांधे करकरतात ते सगळं त्यात आलंय. अनसूयाबाईंनी विचारलं, ती करकर काढून टाकायची का. दाजी म्हणाले, राहू दे, त्याशिवाय तो वाटणार नाही.

आता १९९९ संपत आलंय. अनसूयाबाईंनी गेल्या महिन्यात अध्यक्षपद सोडलं. अजून दोन वर्षं राहा, असं सगळे म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. नवा अध्यक्ष प्रविण. त्याच्या पहिल्या सभेत पहिला ठराव माझ्या दुरुस्तीचा झाला, सुचवणारा तोच. हे दाजींनी सुचवलं असतं तर मी सुखाने डोळे मिटले असते. या पोराकडून ते मला उपकार म्हणून घ्यावं लागतंय.

माझा मत्सर गेलेला नाही. काल कीबोर्डच्या टेबलावर नवीन कापड घातलं, तेही मला दिसलं. पण तो दोन वर्षं पाचव्या बटणावर माझ्यासारखा बोलायचा प्रयत्न करतोय आणि त्याला अजून दम लागलेला नाही, हे आठवलं की जरा बरं वाटतं.

पेणहून पेटी दुरुस्त करणारे पोपटशेठ आलेत. त्यांनी माझी मागची फळी काढलीय. भाता उतरवला की मला बोलता येणार नाही, आणि चामडं नवीन बसवल्यावर माझा आवाज हाच राहील का, हे त्यांनाही सांगता आलं नाही. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या मंडळात नवं काही येईल, येऊ द्या. फक्त ते टेबलावर ठेवायच्या आधी शेजारच्या जुन्याला एकदा विचारा. तो वाकडंच बोलेल. तरी विचारा.

पोपटशेठनी स्क्रू सैल केला. आता थांबतो.