एका वेळी एक

"पुन्हा म्हण. खाली येताना सूर घसरतोय तुझा," माबांडला मास्तर म्हणाले.

गायनवृंदातल्या वुयिस्वाने ओळ पुन्हा धरली. खालचा खर्ज मास्तर स्वतः गुणगुणत होते. तेवढ्यात त्यांची बायको नोलिता खिडकीतून बघत म्हणाली, "पोलिसांची गाडी आली." वुयिस्वा मागच्या दाराने सटकली.

सार्जंटने टेबलावरचे दोन कप पाहिले. "कोण आलं होतं?"

"एक कप माझा, एक यांचा," नोलिता म्हणाली. "तुम्हाला तिसरा काढू?"

न्यू ब्रायटनच्या आमच्या काळ्यांच्या वस्तीत मास्तर शाळेत शिकवायचे, चर्चचा गायनवृंद बसवायचे. एका सभेत बोलले म्हणून गोऱ्या सरकारने त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. खटला नाही, सुनावणी नाही. शिकवायचं नाही, गाणंसुद्धा. घरच्यांखेरीज एका वेळी एकाच माणसाला भेटायचं. शनिवार-रविवार घर सोडायचं नाही. ते काय म्हणाले हे दुसऱ्या कुणी जाहीरपणे सांगायचंही नाही.

"आधी आमची घरची बिअर बंद केली, मग पुस्तकं, मग संघटना," नोलिता म्हणायची. "आता माणूसच बंद. बाटली निदान पुरून तरी ठेवता यायची."

गायनवृंदांची स्पर्धा जवळ आली, तशी गाणारी माणसं एकेक करून चोरून घरी येऊ लागली. मास्तर प्रत्येकाची ओळ घोटून घेत. पण सगळे मिळून कसे गातात, ते त्यांना कधीच ऐकायला मिळालं नाही. एकदा त्यांनी कागद भिरकावले. "एकेक वीट हातात घेऊन बघतोय मी. भिंत सरळ आहे का, ते कसं कळणार?"

नोलिताने कागद गोळा केले.

स्पर्धा शनिवारी होती. सभागृह दोन गल्ल्यांवर. मास्तर दुपारभर अंगणात उभे राहिले, पण वारा उलटा होता.

संध्याकाळी वुयिस्वा आली. "पहिले आलो, मास्तर. परीक्षकांनी विचारलं, कुणी बसवलं? सगळे गप्प. मग झोला म्हणाला, आमचं आम्हीच."

"बरोबर बोलला," मास्तर म्हणाले. "शेवटच्या कडव्यात खर्जवाले मागे पडले का?"

"मला कसं कळणार? मी गात होते ना."

मास्तरांनी खुर्ची सरळ केली.

"ठीक आहे. तुझी ओळ म्हणून दाखव. आज म्हटलीस तशीच. मग झोलाला पाठव."

ती गायली आणि बाहेर पडली. कुंपणापलीकडे सगळा वृंद रस्त्यावर उभा होता, एकमेकांपासून लांब लांब, आपापल्या पाळीची वाट बघत. झोलाने टोपी काढली आणि तो एकटाच आत गेला.