अंबाड्याचा फोटो

केमोच्या खोलीत आम्ही पाचजणी, हाताला सलाइन, डोक्याला रुमाल. भिंतीवरच्या टीव्हीत देशातल्या सगळ्यात मोठ्या पोलाद कंपनीच्या मालकीणबाईंच्या तब्येतीवर चर्चा रंगली होती. एक डॉक्टर नुसते फोटोतले डोळे पाहून त्या किती दिवस काढतील ते सांगत होता. बाई माझ्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. आम्हाला कधीचं ठाऊक होतं, पण बाहेर कुणी ब्रही काढला नव्हता.

तेवढ्यात कुणाचा तरी भाचा असल्याचं सांगून एक बातमीदार आत घुसला. मोबाइलवर बाईंचा फोटो, भलाथोरला अंबाडा घातलेला. "या इथे येतात का?"

मी बसकंडक्टर, फुकटे मला लांबून कळतात. माझं डोकंच फिरलं. रुमाल काढून मी टक्कल त्याच्यापुढे केलं. "घे, ओळख बघू."

बाकीच्या तिघींनीही रुमाल काढले. शेवटी बाईंनीही काढला.

तो एकेकीकडे बघत गेला आणि गडबडून नेमका बाईंनाच म्हणाला, "मावशी, तुम्ही तरी पाहिलंय का यांना?"

"पाहिलंय की," बाई म्हणाल्या. "ठणठणीत आहे. जाताना तेवढा तो टीव्ही बंद कर."